पहिल्या सभेला कोणी जात नाही

सीत्से हूक्स्त्राच्या कपाळात पहिली खुर्ची बसली तेव्हा त्याला लिव्होर्नोत राहायला येऊन अकरा दिवस झाले होते. खुर्ची माझी होती, पण फेकली मी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. फेकली चेझीरानं. चेझीरा म्हणजे आमच्या तळमजल्यावरची मासेवाली. तिचा नेम ती तरुण होती तेव्हाही वाईटच होता. खुर्ची निघाली होती पाचव्या मजल्यावरच्या अमेदेओसाठी. अमेदेओ वाकला, कारण तो पन्नास वर्षं वाकत आला आहे. त्याच्या मागे वही-पेन्सिल घेऊन बसलेला सहा फुटी डच मात्र ताठ बसून राहिला. सोसायटीच्या सभेत वाकायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

सात टाके पडले. इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं लागलं? आमच्या इमारतीतला माणूस या प्रश्नाला एकच उत्तर देतो: जिन्यावरून पडलो. माझ्या वडिलांचा हात, चेझीराच्या नवऱ्याच्या दोन बरगड्या, माझा वरचा सुळा, हे सगळं त्या जिन्यावरूनच पडलेलं आहे. सीत्सेनं खरं सांगितलं. खुर्चीचा रंगही सांगितला. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन चेझीराच्या दुकानात तासभर उभे राहिले आणि त्या दिवशीची माकुळं तशीच पडून वास मारायला लागली. त्यानंतर वर्षभर इमारतीत त्याच्याशी कोणी बोललं नाही.

एक नेल्ला सोडून. नेल्ला ही अमेदेओची बायको. त्या पहिल्या हिवाळ्यात सीत्से तापानं फणफणला होता. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या बायका दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडतात, पाव-भाजी वर ओढून घेतात. नेल्लाची टोपली एके दुपारी पाचव्या मजल्यावरून निघाली ती तिसऱ्यावर, सीत्सेच्या खिडकीपुढे थांबली. आत कोंबडीचं गरम सूप आणि चिठ्ठी: "मेलास तर जिन्यातून प्रेत आमच्याच माणसांना न्यावं लागतं. पी." सीत्सेनं ती चिठ्ठी चौकट करून लावली आहे. त्याचा समज असा की ती प्रेमानं लिहिली होती. समज बरोबर होता.

आता भांडणाचं मूळ. आमची इमारत पाच मजली, बारा घरांची, एक पाय कालव्यात बुडवून उभी. पायऱ्या चौऱ्याण्णव. लिफ्ट नाही. लिफ्ट बसवावी हा ठराव बावीस वर्षं दर वसंतात सभेपुढे येतो आणि दर वसंतात त्याच्यावर रक्त सांडतं. कारण लिफ्टचा खड्डा घ्यायचा तर तो तळघरातच घ्यावा लागतो, आणि तळघरात अमेदेओची होडी आहे. दहा वल्ह्यांची, शर्यतीची. १९७१ साली आमच्या वस्तीनं शर्यत जिंकली ती याच होडीतून. दहातले आठ वल्हेकरी गेले, नववा अर्जेंटिनात आहे, तोही बहुधा गेलाच. दहावा अमेदेओ. तो दर शनिवारी खाली उतरून तिला जवसाचं तेल चोळतो.

"होडीला दर आठवड्याला तेल," नेल्ला खिडकीतून साऱ्या कालव्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "आणि माझ्या खुब्याला?"

तिचा खुबा चार वर्षांपूर्वी मोडला. ती खरोखरच जिन्यावरून पडली होती. डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी अमेदेओला बाजूला घेऊन बराच वेळ प्रश्न विचारले. ऑपरेशननंतर चौघांनी खुर्चीवरून तिला वर नेलं, आणि ती जी वर गेली ती गेली. उतरायला तिची ना नव्हती, बसत-घसरत कशीही उतरली असती; चढणं तिला शक्य नव्हतं. उचलून न्यायचं नाव काढलं की म्हणायची, "मी कपाट नाही. आता मला एकदाच उचलून नेतील, आणि तेव्हा मला कळणार नाही."

चार वर्षं तिला एकच गोष्ट हवी होती. आमच्या कोपऱ्यावर भट्टीत भाजलेली, हरभऱ्याच्या पिठाची पोळी मिळते, तोर्ता म्हणतात. ती पावात घालून, मिरी भुरभुरून, भट्टीसमोर उभं राहून खायची. टोपलीतून पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत ती निवते. निवलेली तोर्ता म्हणजे बुटाचा तळ. नेल्ला रोज मागवायची, रोज एक घास घ्यायची आणि उरलेली खिडकीतून समुद्रपक्ष्यांना टाकायची. पक्षीही आधी वास घेऊन बघायचे.

मी त्या बावीस वर्षांत बावीस वेळा लिफ्टच्या विरोधात मत दिलं. मी राहतो पहिल्या मजल्यावर. शिवाय तीस वर्षं मी इथल्या एका विनोदी साप्ताहिकात सदर लिहीत होतो, आणि वर्षातला एक लेख ही सभा मला आयती द्यायची. भांडण मिटलं असतं तर मला दुसरा विषय शोधावा लागला असता. हे नेल्लाला ठाऊक होतं. माझ्यासाठी तिची टोपली कधी थांबली नाही.

सभेची रीतही सांगायला हवी. इथल्या कायद्यानं सभा दोनदा बोलवावी लागते. पहिलीला आमच्या बारा घरांपैकी आठ हजर लागतात. तेवढी जमली नाहीत तर काही दिवसांनी दुसरी, तिथे चार पुरतात. आमचे व्यवस्थापक चोनी पहिली सभा नोटिशीत मंगळवारी पहाटे सहाची लावतात. पहाटे सहा याचा अर्थ साऱ्या देशाला कळतो: येऊ नका. चोनी स्वतःही येत नाहीत. "कोरमअभावी तहकूब" असं ते आदल्या संध्याकाळीच इतिवृत्तात लिहून मोकळे होतात. खरी सभा दुसरी, शनिवारी संध्याकाळी पाचला, चौकात. तिला आम्ही जेवून, झोप काढून, हाताला येईल ते घेऊन जातो.

परदेशी माणसं मात्र नोटीस वाचतात. गेल्या पंधरा वर्षांत इमारतीतली सात घरं त्यांनी घेतली होती. तीन जर्मन, दोन स्विस, एक आयरिश बाई आणि सीत्से. पहिले सहाजण दुसऱ्या सभेला एकेकदाच आले, एकेकदाच मार खाल्ला आणि पुन्हा फिरकले नाहीत. आम्ही पाच घरं, म्हणजे अमेदेओ, चेझीरा, मी आणि एकमेकांशी फक्त सभेतच बोलणारे बाल्दी बंधू, त्यांना मोजतच नव्हतो.

सीत्से दर वर्षी दोन्ही सभांना यायचा. शनिवारी मार खायचा. दुसऱ्या वर्षी बाल्दींपैकी थोरल्यानं त्याचं बोट पिरगाळलं, तिसऱ्या वर्षी चेझीरानं खारवून वाळवलेल्या कॉडनं त्याच्या कानशिलात दिली. तो मासा फळीसारखा ताठ असतो आणि त्याला काटे असतात. प्रत्येक वेळी सीत्से मारणाऱ्याची माफी मागायचा. याचा आम्हाला फार राग यायचा.

आणि मंगळवारी पहाटे सहाला तो चौकात एकटा उभा असायचा, टोक केलेली पेन्सिल घेऊन, साडेसातपर्यंत. सहाव्या वर्षी नेल्लानं वरून हाक मारली.

"काय रे ए लांबड्या, पहाटे पहाटे कुणाची वाट बघतोस?"

"कोरमची, सिन्योरा."

"कोण ती? चांगल्या घरची आहे का?"

"आठ घरं लागतात, सिन्योरा. मी एकच आहे."

"तुम्ही परदेशी सगळे मिळून किती?"

"सात."

नेल्लानं खिडकी लावून घेतली. सीत्सेला वाटलं, थंडी वाजली असेल. पुढचं वर्षभर काहीच झालं नाही. मग यंदा, सभेच्या आदल्या दिवशी, टोपली तिसऱ्या मजल्यावर थांबली. आत दोन संत्री आणि तिच्या वतीनं मत द्यायचं, सही केलेलं अधिकारपत्र. पाचव्या मजल्यावरचं घर नेल्लाच्या आईचं. कागदावर नाव नेल्लाचं. नवरा म्हणून बावीस वर्षं अमेदेओच तिच्या वतीनं मत देत आला होता, आणि बावीस वर्षं त्यानं तिला विचारलं नव्हतं.

"सिन्योर अमेदेओंना सांगितलंत का?" सीत्सेनं खिडकीतून मान वर करून विचारलं.

"सांगेन ना. शनिवारी. तू संत्री खा."

त्या मंगळवारी पहाटे सहाला आमच्या चौकात सीत्सेच्या बोलावण्यावरून सातही परदेशी घरं मफलर गुंडाळून जमली. सीत्सेनं अध्यक्ष निवडला, चिटणीस निवडला, विषय वाचला, हात मोजले. लिफ्टचा ठराव बावीस वर्षांनी सहा मिनिटांत पास झाला. सातव्या मिनिटाला त्यांनी एकमेकांचे आभार मानले. आम्ही घोरत होतो.

शनिवारी चौकात यंदा सगळे परदेशीही आले होते. चोनी उभे राहिले ते नेहमीसारखे टेबलामागे नाही, तर दाराशी. दाराला पाठ लावून त्यांनी चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, "मंडळी, आज विषय नाही. पहिल्या सभेत ठराव मंजूर झालेला आहे."

"कुठल्या सभेत?" थोरला बाल्दी म्हणाला.

"पहिल्या."

"पहिली सभा असते?" धाकट्यानं थोरल्याला विचारलं.

अमेदेओ पुढे आला. एकोणऐंशी वर्षांचा, पण चाळीस वर्षं बंदरात पोती वाहिलेला माणूस. मान आणि खांदा कुठे वेगळे होतात ते दिसत नाही. हातात होडीचं एक वल्हं होतं. ते तो दर वर्षी आणतो, बोलताना टेकायला. "त्यांची सात घरं आहेत," तो शांतपणे म्हणाला. "आठवं कोण?"

सीत्से, ज्याला वाकणं सहा वर्षांत जमलं नव्हतं, ताठ उभा राहून म्हणाला, "तुमचं, सिन्योर अमेदेओ. सिन्योरा नेल्लांची सही आहे. मला वाईट वाटतं."

ते वाईट वाटणंच नडलं असं माझं मत आहे. वल्हं वरून आलं. सीत्सेच्या गळ्याखालचं हाड मोडलं त्याचा आवाज मला अजून ओळखता येईल. पाव मोडावा तसा होता. दुसरा फटका मांडीवर बसला आणि वल्हं मधोमध तुटलं. जर्मनांनी चष्मे काढले, घडी केली, डब्यांत ठेवले, डबे खिशात ठेवले आणि मग बाल्दी बंधूंवर चाल केली. बाल्दी बंधू आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूनं लढले, आणि वाईट लढले. चेझीरानं वाळका कॉड दोन्ही हातांनी फिरवला. तो माझ्या तोंडावर बसला आणि माझा दुसरा सुळा फरशीवरून गडगडत गटारात गेला.

"चुकून लागला का गं?" मी रक्त थुंकत विचारलं.

"नाही," चेझीरा म्हणाली. "बावीस वर्षं राहून गेला होता."

एवढ्यात सीत्सेनं, डावा हात लोंबत असताना, उजव्या हातानं अमेदेओच्या नाकावर ठोसा दिला. सहा वर्षांतला त्याचा पहिला. नाक बाजूला सरकलं. चौकात क्षणभर सगळे थांबले. माझ्या तर तोंडून "शाबास" गेलं असतं, पण तोंड भरलेलं होतं. अमेदेओनं हातानं रक्त पुसलं, हाताकडे बघितलं आणि सीत्सेची मानगूट धरून त्याला तळघराच्या पायऱ्यांवरून फरफटत खाली नेलं. तिथे होडीच्या बाजूला कालव्यात उघडणारं दार आहे. त्यानं सीत्सेचं डोकं त्या दारातून पाण्यात घातलं आणि गुडघा पाठीवर ठेवला.

आम्ही मागोमाग उतरलो. इथपर्यंत ती सभा होती. आता ती सभा राहिली नव्हती आणि हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. सीत्सेचे पाय फरशीवर बडवत होते. थोरल्या बाल्दीनं अमेदेओला ओढलं, तर त्याला कोपर बसून तो भिंतीवर जाऊन आदळला. जर्मनांपैकी जाड्यानं अमेदेओच्या गळ्यात हात घातला, तर अमेदेओ त्याच्या दंडाला चावला. मी काय केलं? मी म्हणालो, "अमेदेओ, पुरे." तीस वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात गचाळ वाक्य तेच. सीत्सेचे पाय बडवायचे थांबत आले होते.

तेव्हा मागून कोणीतरी मला ढकलून बाजूला केलं.

नेल्ला पावणेपाचला घरातून निघाली होती. बसून, एकेक पायरी, चौऱ्याण्णव पायऱ्या. तिला अमेदेओला स्वतःच सांगायचं होतं. सभा जमून भांडण लागेपर्यंत पाऊण तास जातो हा तिचा अनुभव. यंदा चोनींनी वेळेवर सुरुवात केली. तिच्या झग्याला मागून भोक पडलं होतं, तळवे सोलले होते आणि हातात खलाचा संगमरवरी बत्ता होता, लसूण कुटायचा. तिनं होडीच्या काठाला धरून तीन पावलं टाकली आणि तो बत्ता अमेदेओच्या कानामागे घातला. अमेदेओ बसला. तिनं पुन्हा घातला. तो आडवा झाला.

आम्ही सीत्सेला ओढून काढलं. तो निळा पडला होता. आयरिश बाईनं त्याला उपडं करून पाठीत गुद्दे घातले; अर्धा कालवा बाहेर आला, मग तो खोकला, मग श्वास घेतला.

"सिन्योरा," तो म्हणाला, "तुम्ही खाली आलात."

"मी आले. तू मर नाहीतर जग, पण गप्प राहा." मग तिनं नवऱ्याला पायानं हलवलं. "अमेदेओ. सही माझी. हात माझा, पेन माझं, घर माझ्या आईचं. मारायचं होतं तर वर यायचं होतंस. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत म्हणून त्या पोराला मारलंस?"

अमेदेओनं एक डोळा उघडला. "होडीचं काय गं?" तो म्हणाला.

नेल्लानं तिसऱ्यांदा बत्ता उचलला. मग खाली ठेवला. तिच्या हातात तेवढं बळ उरलं नव्हतं, किंवा तिला रडू येत होतं. तळघरात उजेड कमी आहे, मी खात्रीनं सांगत नाही.

हॉस्पिटलात त्याच डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी गळ्याखालचं हाड बघितलं, नाक बघितलं, कान बघितला, चावलेला दंड बघितला, माझं तोंड बघितलं. मग वही काढून त्यांनी सरळ सीत्सेलाच विचारलं, कारण खरं सांगणारा तो एकच हे त्यांना आठवत होतं. "कसं लागलं?"

रांगेतल्या सगळ्यांनी श्वास धरला. अमेदेओनंही.

"जिन्यावरून पडलो," सीत्से म्हणाला.

"आणि कपडे ओले कसे?"

"जिना लांब आहे."

"आणि या सिन्योरांना चावलं कोण?"

"आमच्याकडे लिफ्ट नाही," सीत्से म्हणाला.

चेझीरानं बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. एवढंच. पण सहा वर्षांत तिनं त्याच्यासाठी काही सरकवलं नव्हतं, आणि ती सरकली की बराच फरक पडतो.

नेल्ला हॉस्पिटलात आली नव्हती. आम्ही परतलो तेव्हा ती कोपऱ्यावर भट्टीसमोर उभी होती, झग्याला भोक तसंच, हातात तोर्ता, वाफ निघत होती. शेवटचा घास खाऊन तिनं बोटं चाटली. "पूर्वीसारखी राहिली नाही," म्हणाली आणि दुसरी मागवली.

पण वर जाणं आलंच. अमेदेओ नाकावर पट्टी घेऊन म्हणाला, उचलतो. ती म्हणाली, मी कपाट नाही. लिफ्टमधूनच जाईन. आणि तळघरात जाऊन होडीत गादी घालून झोपली. लिफ्ट यायला सात महिने लागले. सात महिने ती त्या होडीतच राहिली. अमेदेओ पहिले तीन दिवस वर एकटा राहिला. चौथ्या दिवशी उशी घेऊन खाली उतरला. रात्री त्यांच्या भांडणानं अख्खा कालवा जागा राहायचा. एकदा त्यानं तिला पेला फेकून मारला, तिनं त्याला कढई. दोन्ही वेळा जर्मन खाली धावले आणि दोन्ही वेळा दोघांनी मिळून जर्मनांना हाकललं.

खड्डा खणायच्या आदल्या दिवशी होडी हलवावी लागली. ती पलीकडच्या वस्तीच्या तळघरात न्यायची होती, कालव्यातून, समुद्राच्या तोंडाला वळसा घालून. वल्हेकरी दोन: अमेदेओ आणि बरा झालेला सीत्से. नेल्ला उठायला तयार नव्हती, म्हणून तीही आतच. होडीत पाणी घोट्यापर्यंत आलं. अमेदेओ सीत्सेला शिव्या देत होता, कारण डाव्या खांद्यात जोर नसल्यानं होडी गोल फिरत होती, आणि डाव्या खांद्यात जोर का नव्हता ते अमेदेओ सोडून सगळ्यांना आठवत होतं. मध्येच त्यानं वल्ह्यानं सीत्सेच्या पाठीत एक दिली. सीत्सेनं मागे न बघता वल्ह्याचं टोक त्याच्या पोटात खुपसलं. माफी मागितली नाही. नेल्ला समुद्राकडे पाठ करून बसली होती ती वळली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हलू नका रे मेल्यांनो, बघू द्या."

लिफ्ट नोव्हेंबरात चालू झाली. नेल्ला एकटीच आत शिरली आणि पाचव्या मजल्यावर गेली. अमेदेओ तत्त्वाचा माणूस; तो जिन्यानं निघाला. नेल्लानं घरात फेरी मारली, खिडकीतून खाली बघितलं, टोपली खुंटीवरून काढली आणि म्हणाली, स्वयंपाकघर मोठं होतं असं आठवत होतं. मग पुन्हा लिफ्टमध्ये शिरून खालचं बटण दाबलं.

अमेदेओ चौऱ्याण्णवावी पायरी चढून, धापा टाकत दारात पोचला, तेव्हा ती खाली भट्टीपाशी उभी होती, आणि सीत्से तिच्या पावावर मिरी घालत होता.